फवारणी बंद केली तर झाडं कालांतराने आपोआप रोगप्रतिकारक होतात का?

प्रश्न असा आलाय की झाडांवर दरवर्षी तोच रोग येतो, दरवर्षी फवारणी करावी लागते, तर एकदा सगळी औषधं बंद करून झाडांना त्यांच्या हिमतीवर सोडलं तर काही वर्षांत त्यांच्यात नैसर्गिक प्रतिकारशक्ती तयार होईल का, आणि होत असेल तर ती नेमकी कशी होते. पिकांचे रोग आणि वाणनिवड याच कामात माझी बरीच वर्षं गेलीत आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर हो पण आहे आणि नाही पण, कारण प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे तुमच्यासमोर उभं असलेलं झाड, आणि दुसरी म्हणजे त्या जातीच्या एकामागून एक येणाऱ्या पिढ्या. समोरचं झाड आयुष्यभरात थोडंफार सावध होतं, तेवढंच. खरा बदल होतो तो पिढ्यांमध्ये, बियांमधून, आणि तो होताना भरपूर झाडं मरतात किंवा बी न देताच संपतात. ही किंमत लक्षात न घेता औषधं बंद केली तर हातात फक्त नुकसान येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कुठलंही झाड बहुतेक सगळ्या रोगांना मुळातच प्रतिकारक असतं. गव्हाच्या तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्याने टोमॅटोच्या पानावर हजारोंनी पडतात, काहीही होत नाही. रोग होणं हा नियम नाही, अपवाद आहे. पानावरचा मेणाचा थर, जाड पेशीभित्तिका, आधीपासून साठवून ठेवलेली रसायनं, हे सगळं झाडाकडे जन्मापासून असतं. उदाहरण द्यायचं तर ओटच्या मुळांत अ‍ॅव्हेनासिन नावाचं बुरशीमारक रसायन असतं, त्यामुळे गव्हाची मुळं काळी करून कुजवणारा टेक-ऑल हा रोग ओटला सहसा होत नाही. पण त्याच बुरशीचा एक प्रकार असाही आहे जो अ‍ॅव्हेनासिन मोडून टाकणारं एन्झाइम बनवतो आणि तो ओटवरही येतो. झाडाने काही केलं की रोगकारकाने त्यावर उतारा काढायचा, मग झाडाने पुन्हा काहीतरी नवीन करायचं, हे कोट्यवधी वर्षं चालू आहे आणि तुमच्या बागेतही तेच चालू आहे.

आता आतली यंत्रणा. झाडाला आपल्यासारखं रक्त नाही, फिरणाऱ्या संरक्षक पेशी नाहीत, अँटीबॉडी नाहीत, त्यामुळे प्रत्येक पेशीला आपलं रक्षण स्वतःच करावं लागतं. पेशीच्या बाहेरच्या बाजूला काही रिसेप्टर असतात जे जिवाणू किंवा बुरशीचे ठरावीक तुकडे ओळखतात. जिवाणूच्या शेपटीत फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन असतं, त्यातला फक्त 22 अमिनो आम्लांचा तुकडा मिळाला तरी पेशी जागी होते, आणि बुरशीच्या बाबतीत तेच काम तिच्या भित्तिकेतलं कायटिन करतं. मग पर्णरंध्रं बंद होतात, भित्तिका त्या जागी जाड होते, बुरशीची भिंत कुरतडणारी एन्झाइम्स बाहेर पडतात. बरेचसे जंतू इथेच अडतात. जे अडत नाहीत ते पेशीत स्वतःची प्रथिनं सोडून ही सगळी यंत्रणा बंद पाडतात, आणि त्यांच्यासाठी झाडाकडे पेशीच्या आत दुसरी फळी असते, ती हीच घुसखोर प्रथिनं किंवा त्यांनी केलेली मोडतोड ओळखते. ओळख पटली की ती पेशी आणि आसपासच्या काही पेशी स्वतःहून मरतात, बुरशीला जिवंत पेशीच लागत असेल तर तिची उपासमार होते आणि रोग एका ठिपक्यात संपतो. प्रतिकारक वाणाच्या पानावर अगदी टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके दिसतात ना, ते हेच. ते पाहून रोग आला म्हणून घाबरून फवारणी करणारे खूप जण पाहिलेत.

इथे एक धोका पण सांगून ठेवतो. पेशी मारणं हा उपाय तांबेरा, भुरी, केवडा अशा जिवंत पेशीवर जगणाऱ्या रोगांवर चालतो. मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या बुरशीला मात्र ते आयतं जेवण होतं. अमेरिकेत 1940 च्या दशकात व्हिक्टोरिया नावाच्या ओटपासून तयार केलेले वाण भराभर पसरले कारण त्यांच्यात एका तांबेऱ्याला जबरदस्त प्रतिकार करणारा जीन (जनुक) होता, आणि काही वर्षांतच एका दुसऱ्या बुरशीने नेमके तेच वाण झोपवले. ती बुरशी असं विष बनवत होती की ज्याच्यामुळे प्रतिकाराचा तोच मार्ग चालू व्हायचा आणि झाड स्वतःच्या पेशी मारत सुटायचं. तांबेऱ्याचा प्रतिकार आणि या नव्या रोगाची बाधा या दोन गोष्टी वेगळ्या करायचा खूप प्रयत्न झाला, पण त्या वेगळ्या निघाल्याच नाहीत. म्हणून कोणी सगळ्या रोगांना प्रतिकारक झाड म्हणालं की आधी विचारा, कुठल्या रोगाला?

आता एकाच झाडाच्या आयुष्यात काय होतं ते बघू. 1961 मध्ये फ्रँक रॉस या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या खालच्या पानांना मुद्दाम मोझेक व्हायरसची लागण केली, काही दिवसांनी वरच्या कोऱ्या पानांना तोच व्हायरस लावला, तर वरच्या पानांवर डाग कमी आले आणि आकाराने लहान आले. म्हणजे खालच्या पानाला लागलेली बातमी वर पोचली होती. पुढे 1979 मध्ये असं दिसलं की तंबाखूला अ‍ॅस्पिरिन दिलं तरी असाच परिणाम होतो, आणि त्याच्याच जवळचं, झाडात असणारं सॅलिसिलिक आम्ल हा या निरोपाचा मुख्य भाग आहे हे पुढे कळलं. मुळांजवळ राहणारे काही चांगले जिवाणू पण झाडाला सावध करतात, त्याचा मार्ग वेगळा आहे, तो जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन या झाडातल्याच संप्रेरकांवर चालतो. अशा सावध झालेल्या झाडात सगळी हत्यारं सतत बाहेर काढून ठेवलेली नसतात, फक्त पुढचा हल्ला झाला की प्रतिसाद लवकर आणि जोरात येतो.

ही सावधगिरी टिकते किती? काही दिवस, काही आठवडे. हंगामभर टिकेल असं धरून चालू नका. पुढच्या पिढीत थोडा परिणाम उतरतो असं काही प्रयोगांत दिसलंय, म्हणजे रोगाचा जोरदार मार खाल्लेल्या झाडाच्या बियांपासून आलेली रोपं जरा जास्त तयारीत असतात, पण ते कमजोर असतं, पुन्हा रोग आला नाही तर विरून जातं, त्यावर वाण उभा राहत नाही. शिवाय हे फुकट मिळत नाही, संरक्षणाची यंत्रणा कायम चालू ठेवलेली झाडं खुजी राहतात आणि बी कमी देतात. म्हणून झाडाला सवय लावायची म्हणून थोडा थोडा रोग लागू द्या असा सल्ला जो दिला जातो तो मला पटत नाही. त्या थोड्याशा रोगातून बीजाणू किती तयार होतात ते बघा, एका पानावरचा तांबेरा हजारो बीजाणू हवेत सोडतो.

मग लोक सांगतात की आम्ही फवारणी सोडली आणि तीन-चार वर्षांत झाड खरंच सुधारलं, ते काय असतं? मी अशी झाडं पाहिलीत आणि सुधारणा खरी असते, फक्त कारण वेगळं असतं. एक कारण म्हणजे वय. पुष्कळ झाडांत कोवळं पान किंवा फळ रोगाला बळी पडतं आणि जून झालं की पडत नाही. द्राक्षाचे मणी फुलोऱ्यानंतर साधारण 3 ते 4 आठवड्यांनी भुरीला जवळजवळ दाद देत नाहीत, त्याच्या आधी मात्र झटपट पकडतात. म्हणजे त्या तीन-चार आठवड्यांत काय होतं यावर सगळं अवलंबून. दुसरं कारण हवामान, एखादं वर्ष पानं ओली राहिलीच नाहीत तर बीजाणू रुजणार कुठे. तिसरं खत, नत्र भरमसाट देणं थांबलं की पानं लुसलुशीत राहत नाहीत आणि भुरी, करपा आपोआप कमी होतात. आणि चौथं कारण मला स्वतःला सगळ्यात आवडतं, ते म्हणजे माती. टेक-ऑल असलेल्या शेतात सलग गहूच घेत राहिलं तर पहिली काही वर्षं रोग वाढत जातो आणि मग एकदम कमी होतो, कारण तोपर्यंत मुळांवर स्युडोमोनास जातीचे जिवाणू इतके वाढलेले असतात की ते त्या बुरशीला मारक अँटिबायोटिक तिथेच बनवतात. गव्हाचा वाण तोच, बी तेच, गव्हात काहीही बदललेलं नाही, बदललीय ती त्याच्या मुळांभोवतीची वस्ती. हे पण नैसर्गिक संरक्षणच आहे, पण ते बियांबरोबर दुसऱ्या शेतात जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता पिढ्यांकडे येऊ. बदल व्हायचा तर तीन गोष्टी लागतात: झाडाझाडांत आधीपासून फरक असणे, तो फरक बियांतून पुढे जाणे, आणि रोगाचा दाब असणे ज्यामुळे कमी बळी पडणाऱ्या झाडांचं बी जास्त तयार होईल. रोग आला म्हणून गरज पाहून झाडात प्रतिकाराचा जीन तयार होतो असं नाही. तो आधीच कुठल्या तरी चार झाडांत असतो किंवा योगायोगाने झालेल्या बदलातून येतो. हे बदल इतर जीनपेक्षा प्रतिकाराच्या जीनमध्ये जास्त सापडतात, कारण पेशीच्या आतली ओळख पटवणारे जीन गुणसूत्रांवर एकमेकांना लागून घोळक्याने असतात, त्यांच्या प्रती वाढतात, तुकड्यांची अदलाबदल होते, आणि दर पिढीत नवीन जुळण्या बाहेर पडतात. भातात असे चारशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त जीन आहेत. त्यातले बरेचसे आज काहीच ओळखत नाहीत, पण उद्याचा एखादा रोगकारक ओळखू शकतील.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आफ्रिकेतल्या मक्याचं आहे. मका मूळचा अमेरिकेतला, त्याचा एक तांबेरा पण तिकडचाच, पक्सिनिया पॉलिसोरा. मका आफ्रिकेत गेला तेव्हा हा तांबेरा बरोबर गेला नाही, त्यामुळे काही शतकं तिथल्या मक्याला त्याच्याशी सामना करावाच लागला नाही आणि त्याची प्रतिकारशक्ती ओसरली. 1949 मध्ये तांबेरा पश्चिम आफ्रिकेत पोचला आणि हाहाकार झाला, काही वर्षांत तो खंड ओलांडून पूर्वेकडे गेला. शास्त्रज्ञांनी धावपळ करून एकेका जीनवर आधारलेला प्रतिकार शोधून काढला, तर तांबेऱ्याच्या नवीन जातींनी तो लगेच मोडला. आणि त्याच काळात शेतकऱ्यांच्या शेतातला साधा मका, ज्याचं परागीकरण वाऱ्याने होतं आणि ज्याचं प्रत्येक झाड दुसऱ्यापेक्षा जरा वेगळं असतं, तो दर हंगामात थोडा थोडा सावरत गेला. जास्त तांबेरा आलेल्या झाडाला कणसं भरलीच नाहीत, कमी आलेल्याचं बी पुढे गेलं, पुढच्या वर्षी त्यांचा आपसात संकर झाला, आणि साधारण दहा-पंधरा पिढ्यांत हा रोग किरकोळ होऊन बसला. कोणीही त्यात चांगला जीन वगैरे घातला नव्हता. छोटे छोटे परिणाम करणारे अनेक जीन एका झाडात गोळा होत गेले. असा प्रतिकार रोगाला पूर्ण थांबवत नाही, डाग येतात, पण उशिरा येतात, लहान येतात, बीजाणू कमी सोडतात.

स्वतःचंच परागकण घेणाऱ्या पिकात हे हळू होतं पण होतं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे बार्लीच्या 28 वाणांचे एकमेकांशी संकर करून सगळ्यांचं बी एकत्र मिसळलं आणि ते मिश्रण पिढ्यान् पिढ्या मुद्दाम निवड न करता पेरत गेले. पानांवर भाजल्यासारखे डाग पाडणाऱ्या रोगाला प्रतिकार करणाऱ्या झाडांचं प्रमाण त्यात वाढत गेलेलं दिसलं. तिथे सुरुवातीलाच भरपूर फरक एकत्र केलेला होता, तो महत्त्वाचा मुद्दा आहे. एकाच शुद्ध वाणाचं बी घेऊन हेच केलं असतं तर शंभर वर्षांनीही फारसं काही झालं नसतं.

आता रोगकारकाची बाजू, कारण ती विसरून केलेली चर्चा अर्धवट राहते. हॅरोल्ड फ्लोर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात जवस आणि त्याचा तांबेरा यांच्यावर काम केलं आणि दाखवलं की जवसात जसा प्रतिकाराचा एक जीन तसा तांबेऱ्यात त्याच्या जोडीचा एक जीन असतो, आणि तांबेऱ्याने आपला तो जीन बदलला किंवा गमावला की झाडाला तो दिसेनासा होतो. म्हणजे एका मोठ्या जीनवर उभा असलेला प्रतिकार मोडायला रोगाला एकच बदल पुरतो, आणि बुरशीकडे संख्या आहे, वर्षात कितीतरी पिढ्या आहेत, वारा आहे. गव्हातला एसआर-31 हा जीन खोडाच्या तांबेऱ्याविरुद्ध बरीच वर्षं जगभर वापरात होता, 1998 मध्ये युगांडात सापडलेल्या यूजी-99 या जातीने तो निकामी केला. बटाट्याच्या करप्याचं पण तेच, जंगली बटाट्यातून एकामागून एक मोठे जीन आणले आणि करप्याने ते एकामागून एक पार केले. हे सारखं घडत राहतं आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. नवा वाण जितका जास्त क्षेत्रावर लावाल तितकं त्या एका बदललेल्या बीजाणूला सगळं रान मोकळं.

तरीही काही प्रतिकार टिकतात आणि का टिकतात हा माझ्या आवडीचा विषय आहे. गव्हातला एलआर-34 हा जीन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे आणि अजून मोडलेला नाही. तो पेशीतून पदार्थ इकडून तिकडे नेणारं एक प्रथिन बनवतो, कुठल्या एका जातीच्या तांबेऱ्याला ओळखणं हे त्याचं कामच नाही, तीन प्रकारचे तांबेरे आणि भुरी या सगळ्यांनाच तो मंद करतो. त्याची खूण म्हणजे मोठ्या झाडाच्या पानांची टोकं आपोआप वाळतात. बार्लीतला एमएलओ हा प्रकार तर अजून वेगळा, तिथे नवीन काही आलेलं नाही, उलट भुरीला आत शिरायला ज्या प्रथिनाची मदत व्हायची ते प्रथिनच बिघडलंय, आणि झाडातली अशी मदतच नाहीशी झाली की बुरशीला त्यावर मार्ग काढणं फार अवघड जातं. इथिओपियाच्या पारंपरिक बार्लीत हा बदल निसर्गतःच सापडला. 1979 पासून युरोपात तो शेतात आहे. त्याचीही किंमत आहे, पानांवर बारीक मृत ठिपके पडतात आणि उत्पादनाला थोडा फटका बसू शकतो.

किंमतीवरून आठवलं, लोक विचारतात की प्रतिकार एवढा चांगला आहे तर लाखो वर्षांत सगळीच झाडं प्रतिकारक का झाली नाहीत. कारण रोग नसलेल्या वर्षी प्रतिकाराचा जीन ओझं होऊ शकतो. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडावर 2003 मध्ये शेतात प्रयोग झाला, बाकी सगळं सारखं असलेल्या झाडांत फक्त एक प्रतिकाराचा जीन असण्या-नसण्याचा फरक ठेवला, तर रोग नसताना जीन असलेल्या झाडांना सुमारे 9 टक्के कमी बी आलं. म्हणून जंगलात काही झाडांत तो जीन असतो, काहींत नसतो, रोग वाढला की प्रमाण वाढतं, ओसरला की कमी होतं. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर प्लँटेगो या छोट्या रानटी रोपाच्या हजारो छोट्या वस्त्या आणि त्यांच्यावरची भुरी यांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय, तिथे एकमेकांशी जोडलेल्या वस्त्या एकट्या पडलेल्यांपेक्षा जास्त प्रतिकारक निघाल्या. जोडलेल्या वस्तीत बीजाणू जास्त येतात हे खरं, पण परागकण आणि बियांबरोबर नवीन जीनही येत राहतात, आणि शेवटी तेच जड ठरतं.

आणि जिथे पिढी बदलतच नाही तिथे यातलं काहीच चालत नाही. कलमाने, कंदाने, मुनव्यांनी वाढवलेली झाडं म्हणजे तेच एक झाड पुन्हा पुन्हा. ग्रॉस मिशेल ही केळीची जात पनामा मर रोगापुढे व्यापारी बागांतून गेली, तिची जागा घेतलेली कॅव्हेंडिश आता त्याच बुरशीच्या टीआर-4 या प्रकारापुढे अडचणीत आहे, आणि ती बाग कितीही वर्षं बिनफवारणीची ठेवली तरी ती प्रतिकारक होणार नाही कारण निवडायला वेगळं झाडच नाही. 1845 च्या आयर्लंडमधल्या बटाट्याचं दुःख पण हेच होतं, बहुतेक गरिबांच्या शेतात लंपर ही एकच जात, आणि तीही कंदापासून लावलेली. अमेरिकन चेस्टनटची गोष्ट थोडी वेगळी, ते जंगली झाड, बियांपासून येणारं, पण 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिसलेल्या करप्याने अब्जावधी झाडं मारली, आणि आता मुळांपासून फुटणारे कोंब फळावर यायच्या आधीच पुन्हा मरतात. बी नाही म्हणजे पिढी नाही, पिढी नाही म्हणजे निवड नाही. चीनमधला चेस्टनट मात्र याच बुरशीबरोबर लाखो वर्षं राहिलेला, त्याला ती फारसं काही करू शकत नाही. युरोपातल्या अ‍ॅश झाडांचं चित्र जरा आशादायक आहे, तिथली बहुतेक झाडं नव्या बुरशीला बळी पडतात पण काही थोडी बऱ्यापैकी तग धरतात आणि त्यांना बी येतं. 2025 मध्ये इंग्लंडमधल्या एका जंगलाचा अभ्यास आला, त्यात रोगाच्या आधीच्या मोठ्या झाडांपेक्षा नंतर उगवलेल्या रोपांत प्रतिकाराशी संबंधित हजारो जागी जीनचं प्रमाण किंचित किंचित चांगल्या बाजूला सरकलेलं दिसलं. एकाच पिढीत. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, पण त्या एका पिढीसाठी किती रोपं मेली असतील तेही डोळ्यासमोर आलं.

मग तुम्ही काय करायचं? झाड कलमी असेल तर औषध बंद करून वाट बघू नका, त्यात वेळ जाईल. वाण बदला, चांगला खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड) वापरा, झाडाच्या आत हवा खेळती ठेवा, नत्र आवरा. बियांपासून येणारं पीक असेल तर मात्र काम करण्यासारखं आहे. सगळं शेत उघडं टाकू नका, एक वेगळा तुकडा ठेवा जिथे फवारणी करायची नाही, कारण फवारणी केली की कमजोर आणि दणकट झाड सारखंच दिसतं. त्या तुकड्यात एक वाण नाही, जितके जमतील तितके वेगवेगळे वाण आणि जुनी बियाणी एकत्र लावा. मध्ये मध्ये एखादी ओळ सगळ्यात जास्त बळी पडणाऱ्या वाणाची लावा म्हणजे रोग सगळीकडे सारखा पोचेल, नाहीतर एखादं झाड फक्त रोगाच्या वाटेत आलं नाही म्हणून स्वच्छ राहतं आणि आपण तेच निवडून बसतो. कडेची झाडं निवडू नका, त्यांना ऊन-वारा जास्त मिळतो.

निवडताना एक गोष्ट मी नेहमी आग्रहाने सांगतो. एकही डाग नसलेल्या झाडाचा मोह धरू नका. शेजारी सगळी झाडं रोगाने भरलेली आणि हे एकच चकाचक, म्हणजे बहुधा एका मोठ्या जीनचं काम आहे आणि ते कधीही मोडू शकतं. त्याचं थोडं बी घ्या, हरकत नाही. पण मुख्य भर त्या झाडांवर ठेवा ज्यांच्यावर डाग आहेत पण कमी आहेत, पसरायला वेळ लागतोय, आणि फळ किंवा दाणा मात्र पूर्ण भरलाय. पहिला डाग कधी दिसला आणि आठवड्याभराने किती झाले हे लिहून ठेवलं तर ही झाडं ओळखता येतात. बी दोन-चार झाडांचं नाही, पन्नासेक झाडांचं तरी घ्या, नाहीतर एका रोगासाठी निवड करताना दुसऱ्या दहा गुणांचं वैविध्य हातातून जातं, मक्यासारख्या परपरागी पिकात तर वाढच खुंटते. व्हायरसची लक्षणं असलेल्या झाडाचं बी घेऊ नका, काही व्हायरस आणि जिवाणू बियांतूनच पुढे जातात. आणि निवडलेल्या झाडांचा आपसात संकर होऊ द्या, स्वपरागी पिकात तो हाताने करावा लागतो, कष्टाचं आहे पण त्याशिवाय वेगवेगळ्या झाडांतले छोटे जीन एका झाडात येणारच नाहीत.

नवीन वाण तयार होईपर्यंत मिश्र लागवड हा सोपा मार्ग आहे. चीनच्या युनान प्रांतात 1998-99 मध्ये हजारो हेक्टरवर करप्याला बळी पडणाऱ्या चिकट भाताच्या ओळी संकरित प्रतिकारक भातामध्ये लावल्या, तर चिकट भातावरचा करपा एकट्याच्या लागवडीपेक्षा 94 टक्के कमी आला आणि त्याचं उत्पादन 89 टक्के जास्त निघालं. एकही रोप आतून बदललं नव्हतं, फक्त बीजाणूला शेजारी तेच झाड मिळेना.

वेळेचा अंदाज द्यायचा तर परपरागी वार्षिक पिकात नीट निवड केली तर चार-पाच पिढ्यांत फरक डोळ्यांना दिसायला लागतो, स्वपरागी पिकात संकर धरून आठ-दहा वर्षं धरा, फळझाडांत त्याहून खूप जास्त. दरवर्षी निवडलेल्या बियांबरोबर मूळच्या बियांच्या पण दोन ओळी शेजारीच लावत जा, त्यासाठी मूळचं थोडं बी कोरडं आणि थंड जागी जपून ठेवावं लागेल. दोन्हीवर एकाच दिवशी डाग मोजले की हवामान चांगलं होतं म्हणून रोग कमी आला की झाड खरंच बदललं, हे तिथल्या तिथे कळतं.